प्रेक्षकाला किती सांगायचं, आणि कधी: थ्रिलरच्या संकेतांविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २२ मिनिटांची शॉर्टफिल्म तयार आहे. एक तरुण रात्री उशिरा स्वतःच्याच बंद ऑफिसात शिरतो. साहेबांच्या कपाटातली एक फाइल त्याला हवी आहे. जिवलग मित्र बाहेर थांबून फोनवर त्याला सूचना देतोय. आत आपल्याशिवाय आणखी कोणीतरी आहे असं तरुणाला वाटू लागतं, पण तो निघतो फेरी मारणारा वॉचमन. अगदी शेवटच्या मिनिटाला कळतं की मित्रानेच त्याला अडकवलंय. गेटला साखळी लावलीय आणि पोलिसांनाही त्यानेच कळवलंय. अंधार आहे, पाऊस आहे, हातात धरलेला हलता कॅमेरा आहे, खर्जातलं पार्श्वसंगीत आहे, शेवटी धक्का आहे. तरी पाहणारे ‘शूट छान झालंय’ एवढंच म्हणतात आणि गप्प बसतात. थ्रिलरचे सगळे संकेत पाळूनही ताण का येत नाही, असं तुम्ही विचारलंय.

मी संकलक आहे. २५ वर्षं हेच काम करतोय आणि त्यातला मोठा भाग थ्रिलर कापण्यात गेलाय. तुमच्यासारखी पहिली फिल्म घेऊन येणारे पुष्कळ जण भेटले, आणि बहुतेकांच्या यादीत हेच पाच पदार्थ असतात: अंधार, पाऊस, हलता कॅमेरा, खर्ज, धक्का. हे संकेत खोटे नाहीत. पण ते दिसणारे संकेत आहेत. ज्याच्यावर थ्रिलर उभा राहतो तो संकेत पडद्यावर दिसत नाही. कोणती गोष्ट कोणाला कोणत्या क्षणी ठाऊक आहे, ही ती वाटणी. प्रेक्षकाला किती, नायकाला किती, खलनायकाला किती. तुमच्या फिल्ममध्ये ही वाटणी अशी झालीय की प्रेक्षकाच्या हाती २१ मिनिटं काहीच लागत नाही. काही माहीत नसलेला माणूस काळजी कशाची करणार?

आल्फ्रेड हिचकॉकने १९६२ मध्ये फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत हे टेबलाखालच्या बाँबच्या उदाहरणाने समजावलं होतं. दोन माणसं टेबलाशी बसून गप्पा मारताहेत आणि अचानक स्फोट होतो: प्रेक्षक दचकतो, काही सेकंदांत संपलं. आता तोच प्रसंग, पण बाँब ठेवलेला प्रेक्षकाने आधी पाहिलाय आणि तो किती वाजता फुटणार हेही त्याला माहीत आहे. त्याच निरर्थक गप्पा आता त्याला असह्य होतात. उदाहरण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. तरी लिहायला बसल्यावर जवळजवळ प्रत्येक जण बाँब लपवतो, कारण लपवण्यात आपण हुशार ठरतो असं वाटतं.

ऑर्सन वेल्सच्या ‘टच ऑफ ईव्हिल’ची (१९५८) सुरुवात या तत्त्वाचा नमुना म्हणून पाहा. पहिल्याच क्षणी एका हातात बाँब दिसतो, टायमर लावला जातो, बाँब गाडीच्या डिकीत जातो. त्यानंतर ३ मिनिटांहून जास्त वेळ एकही कट नाही. गाडी गर्दीतून चालते, थांबते, पुन्हा चालते, आणि ज्यांची आपल्याला अजून ओळखही झालेली नाही असं एक जोडपं तिच्या आजूबाजूने चालत राहतं. घडत काहीच नाही. एक माणूस रस्ता ओलांडतोय, एवढंसुद्धा पाहवत नाही. त्या शॉटची चर्चा कॅमेऱ्याच्या करामतीसाठी होते, आणि करामत थोर आहेच. पण सुरुवातीचे ते टायमरचे काही सेकंद काढून टाका, मग उरतो तो एक लांब, देखणा, निर्धोक ट्रॅकिंग शॉट, म्हणजे पात्रांबरोबर सरकत जाणारा कॅमेरा. तुमचा सुरुवातीचा पावसातला शॉट तसाच आहे: देखणा आणि निर्धोक.

इथे रहस्यपट आणि थरारपट यांच्यातला फरक मनात पक्का हवा. मराठीत आपण दोन्ही शब्द सरसकट वापरतो, त्यामुळे लिहितानाच घोटाळा होतो. रहस्यपटात प्रेक्षकाला कमी माहीत असतं. तो मागे वळून विचार करतो, कोणी केलं, का केलं. थरारपटात त्याला नायकाइतकं किंवा त्याहून जास्त माहीत असतं आणि तो पुढे पाहतो, आता काय होणार, वेळेत होणार का. कुतूहल आणि काळजी या वेगळ्या भावना आहेत. दोन्ही एका फिल्ममध्ये नांदू शकतात. जीतू जोसेफचा मल्याळम ‘दृश्यम’ (२०१३) घ्या. गुन्हा आपल्या डोळ्यांसमोर घडतो, कुटुंब खोटी हकीकत कशी रचतं तेही आपण पाहतो, त्यामुळे पोलिसांच्या प्रत्येक प्रश्नाला आपल्याच छातीत धडधडतं. पण एक तुकडा मात्र शेवटपर्यंत आपल्यापासूनही राखून ठेवलाय. प्रमाण पाहा: नव्वद टक्के काळजी, दहा टक्के कुतूहल. तुमच्याकडे हे प्रमाण उलटं झालंय. फिल्म रहस्यपटासारखी रचलीय आणि थ्रिलरसारखी शूट केलीय.

याचा उपाय तुम्हाला आवडणार नाही, पण तोच खरा उपाय आहे असं मला वाटतं. शेवटचा धक्का उचलून सहाव्या मिनिटाला आणा.

हे धाडस हिचकॉकने ‘व्हर्टिगो’मध्ये (१९५८) केलंय. ज्या कादंबरीवर तो बेतलाय तिच्यात उलगडा शेवटी होतो. सिनेमात दोन तृतीयांश वेळ उलटल्यावर, नायक जिच्यावर भाळलाय ती बाई एक पत्र लिहायला बसते आणि सगळं कारस्थान प्रेक्षकापुढे उघडं होतं. नायकाला काहीच माहीत नाही. इथून पुढे ‘ही कोण?’ हा प्रश्न उरतच नाही. त्याची जागा दुसरा, जास्त छळणारा प्रश्न घेतो: याला कळलं तर हा काय करील? आता तिने केस कसे बांधले, कोणता दागिना घातला, अशा बारीक गोष्टींनासुद्धा धार येते.

तुमच्या फिल्ममध्ये याचा काय परिणाम होईल? सहाव्या मिनिटाला प्रेक्षक पाहतो की बाहेरचा मित्र फोनवर ‘घाबरू नकोस, मी आहे’ म्हणतोय आणि दुसऱ्या हाताने गेटला साखळी घालतोय. हा शॉट तुमच्याकडे आहेच, फक्त एकविसाव्या मिनिटाला आहे. तो इथे आणल्याबरोबर पुढचे सगळे फोन बदलतात. ‘डावीकडे वळ’ या साध्या वाक्यातही आता सापळा दिसेल. तो वॉचमन, जो आत्ता नुसता बुजगावण्यासारखा उभा आहे, तो अचानक सुटकेची वाट ठरतो. तरुण त्याला टाळतोय आणि प्रेक्षक मनात ओरडतोय की अरे, त्यालाच गाठ, तोच तुला वाचवील. एकही नवीन ओळ न लिहिता तुमची ती पाच मिनिटांची मधली लपाछपी उलट्या अर्थाने जिवंत होते. सेटवर जे जमलं नाही ते संकलनाच्या टेबलावर जमण्याचे प्रसंग फार थोडे येतात. तुमच्या वाट्याला तो आलाय.

मग शेवटी काय उरलं, असं तुम्ही विचाराल. तरुणाला कळण्याचा क्षण उरला. त्याच्याकडे मी शेवटी येतो.

दुसरा मुद्दा दृष्टिकोनाचा. प्रसंग कोणाच्या डोळ्यांनी पाहायचा हे तुम्ही ठरवलेलं नाही. कधी कॅमेरा तरुणाच्या खांद्यामागे, कधी छताच्या कोपऱ्यात, कधी कपाटाच्या आतून बाहेर पाहणारा. कपाटातून कोण पाहतंय? कोणीच नाही. थ्रिलरमध्ये प्रत्येक कोन प्रेक्षकाला काहीतरी सुचवतो, आणि छतातून पाहणारा कॅमेरा दिसला की तो समजतो, तिथे कोणीतरी आहे किंवा सीसीटीव्ही आहे. दोन्ही निघालं नाही की त्याचा तुमच्यावरचा विश्वास कमी होतो.

‘रिअर विंडो’ (१९५४) या बाबतीत माझी पाठशाळा आहे. पाय प्लॅस्टरमध्ये असलेला छायाचित्रकार खिडकीत बसून समोरच्या घरांकडे पाहतो, आणि आपण जवळजवळ सगळा सिनेमा त्याच्या खोलीतून पाहतो. रचना तीनच पायऱ्यांची आहे: तो पाहतो, त्याला काय दिसतं, त्यावर त्याचा चेहरा. पुन्हा पुन्हा तेच. म्हणूनच त्याची मैत्रीण समोरच्या घरात असताना संशयित परत येतो तेव्हा आपण त्याच्यासारखेच खुर्चीला खिळलेले असतो. आणि जेव्हा समोरचा माणूस थेट आपल्या खिडकीकडे पाहतो, तेव्हा इतका वेळ सुरक्षित वाटलेलं अंतर एका नजरेत नाहीसं होतं.

संकलक म्हणून यातली तिसरी पायरी मला सगळ्यात मोलाची वाटते. नवे दिग्दर्शक ‘काय दिसलं’ ते भरपूर शूट करतात आणि चेहरा घाईत उरकतात. मी थ्रिलरचा प्रसंग लावायला घेतो तेव्हा आधी फक्त चेहरे लावतो, क्रमाने, बाकी सगळ्या जागा काळ्या ठेवून. चेहऱ्यांवरून गोष्ट कळली तर प्रसंग उभा आहे. कळली नाही तर रीशूटबद्दल बोलावं लागतं. तुमच्या रशेसमध्ये, म्हणजे न कापलेल्या मूळ चित्रीकरणात, कपाट उघडल्यानंतरची तरुणाची प्रतिक्रिया किती सेकंदांची आहे ते पाहा. कटमध्ये ती दीड सेकंद आहे असं तुम्ही लिहिलंय. मूळ टेक लांब असेल तर सगळा वापरून बघा. माणसाला काहीतरी समजतंय, अजून पूर्ण समजलेलं नाही, हे पाहायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ प्रेक्षक आनंदाने देतो.

प्रेक्षक कोणाच्या बाजूने उभा राहतो याचं एक जुनं, थोडं अस्वस्थ करणारं गुपित आहे. जो माणूस एखादं अवघड काम मन लावून करतोय, त्याच्या बाजूने. ‘सायको’मध्ये (१९६०) न्हाणीघरातल्या खुनानंतर मोटेल चालवणारा नॉर्मन ती जागा धुतो, पुसतो, सामान गोळा करतो. तो प्रसंग मुद्दाम लांबवलाय. मग तो गाडी दलदलीत ढकलतो, ती बुडता बुडता क्षणभर थांबते, आणि आपल्या लक्षात येतं की ती बुडावी म्हणून आपणच श्वास रोखलाय. ज्या बाईबरोबर आपण इतका वेळ काढला तिचंच प्रेत त्या गाडीत आहे! हे संवादाने साधलं नसतं, कामाच्या बारकाव्याने साधलं. तुमचा तरुण मात्र कपाट एका कटमध्ये उघडतो. कुलूप कसं उघडतो, हात कसा घसरतो, चावी कशी अडते, हे दाखवा. तो चांगला की वाईट हे त्यानंतर प्रेक्षक विचारणारही नाही.

आता अंधार. अंधाराला माझा विरोध नाही. पण अंधारात भीती वाटण्यासाठी आधी जागेची ओळख लागते. दार कुठे, जिना कुठे, वॉचमन कोणत्या बाजूने येतो, हे ठाऊक नसेल तर प्रेक्षकाला भीती वाटत नाही, तो नुसता गोंधळतो, आणि गोंधळलेला माणूस हळूच फोन काढून बघतो. प्रसंगाच्या सुरुवातीला एक स्थिर, मोकळा लाँग शॉट द्या. तरुण आत येतो तेव्हाचा, दिवे लागलेले असताना घेतलेला असला तरी चालेल. एकदा नकाशा डोक्यात बसला की मग अंधार करा. नंतरच्या क्लोजअपमध्ये मागचं दार धूसर दिसलं तरी ते कोणतं दार आहे हे प्रेक्षकाला कळेल आणि तो त्या धूसर जागेकडेच बघत बसेल. आणि काळ्या फ्रेममध्ये निदान एक गोष्ट नीट उजळलेली असू द्या, एखादी कड, एखादी मूठ. डोळ्याला धरायला काहीच नसलं की अंधार हा नुसता कमी एक्स्पोजर असतो.

अंधाराशिवाय चालत नाही असं वाटत असेल तर ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’मधला (१९५९) फवारणीच्या विमानाचा प्रसंग पाहा. भर दुपार, सपाट शेतं, नजर पोचेल तिथपर्यंत मोकळं. लपायला जागा नाही, हीच तिथली भीती. विमान टँकरवर आदळेपर्यंत संगीताचा एक सूरही नाही. आधी कितीतरी वेळ फक्त रस्त्यावरून गाड्या येतात, जातात. प्रत्येक गाडी काहीतरी घेऊन येतेय असं वाटतं आणि ती निघून जाते.

हलत्या कॅमेऱ्याविषयी थोडक्यात. कॅमेरा हलवायला कारण लागतं. ‘व्हर्टिगो’मध्ये कॅमेरा एका दिशेला आणि झूम उलट दिशेला नेऊन खोली ताणल्यासारखी दाखवलीय, कारण नायकाला उंचीची भीती आहे आणि त्याला जिना तसाच दिसतो. पुढे ती युक्ती शेकडो ठिकाणी कारणाशिवाय वापरली गेली आणि तिची नुसती लकब झाली. तरुण शांत आहे तोवर कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवला असता तर तो घाबरल्यावर हातात घेतलेला कॅमेरा जाणवला असता. तुम्ही पहिल्या फ्रेमपासून हातात घेतलाय, आता त्या हलण्याला काही अर्थ उरलेला नाही. शूट झालेलं बदलता येणार नाही, पण सुरुवातीचे काही शॉट स्टॅबिलाइझ करून बघा.

समांतर कटिंग हा या प्रकाराचा सगळ्यात जुना संकेत. डी. डब्ल्यू. ग्रिफिथच्या ‘द लोनली व्हिला’मध्ये (१९०९) घरात अडकलेलं कुटुंब, बाहेरचे दरोडेखोर आणि धावत येणारा बाप यांच्यामध्ये कट होत राहतो. चार वर्षांनी लोइस वेबरने ‘सस्पेन्स’मध्ये (१९१३) एकच फ्रेम तिरक्या रेषांनी तीन भागांत विभागून बायको, घुसखोर आणि नवरा एकाच वेळी दाखवले. तेव्हापासून प्रेक्षकाच्या मनात ठसलंय की आलटून पालटून दिसणाऱ्या जागा शेवटी एकत्र येणार. इतकं ठसलंय की ते त्याच्याविरुद्ध वापरता येतं. ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज’मध्ये (१९९१) पोलिसांची तुकडी एका घराला वेढा घालते, कोणीतरी बेल वाजवतं, आत खुन्याला बेल ऐकू येते, तो दार उघडतो आणि दारात उभी असते एकटी क्लॅरिस, त्या खुन्याचा माग काढणारी नायिका. घरं दोन होती. कोणी खोटं बोललेलं नाही, कटिंगने आपल्या सवयीचा फायदा घेतला. पण तिथेही धक्का हा शेवट नाही. तो बसल्याबरोबर प्रेक्षकाला क्लॅरिसपेक्षा जास्त माहीत होतं, आणि पुढचा सगळा प्रसंग त्या जास्तीच्या माहितीवर चालतो. धक्का वापरायचाच तर असा, काळजीचं दार उघडण्यासाठी. तुमचा धक्का श्रेयनामावलीच्या आधी येतो, त्यामुळे त्याच्यातून काही निघायला वेळच राहत नाही.

वेगाबद्दल एक गैरसमज फार पसरलाय की थ्रिलर म्हणजे भराभर कट. आंरी-जॉर्ज क्लूझोच्या ‘द वेजेस ऑफ फिअर’मध्ये (१९५३) नायट्रोग्लिसरीन भरलेले ट्रक निघायलाच जवळजवळ तासभर लागतो. त्या तासात आपण ही माणसं, त्यांचं कंगालपण, त्यांचा माज सगळं ओळखून घेतो. मग ट्रकचं चाक एका दगडावर चढलं तरी पोटात गोळा येतो. भराभर कट केल्याने प्रेक्षकाला वाट पाहायला मिळत नाही, आणि वाट पाहणं हेच तर इथलं मुख्य काम. माझा अनुभव असा की ताणाचा प्रसंग पहिल्या कटमध्ये जितका लांब वाटतो, त्याहून तो थोडा लांबच हवा असतो. फक्त त्यात दर काही सेकंदांनी परिस्थिती बदलली पाहिजे. पावलं जवळ आली, थांबली, परत फिरली. नुसती लांबी ताण देत नाही.

घड्याळही हवं. ते भिंतीवरचंच असायला हवं असं नाही. वॉचमन दर दहा मिनिटांनी फेरी मारतो हे एकदा सांगितलं की पुरे. बॅटरीचे उरलेले टक्के, उजाडत जाणारी खिडकी, काहीही चालेल. तुमच्याकडे पोलीस येताहेत ही उत्तम मुदत आहे आणि ती कोणाला माहीतच नाही! मित्राचा तो पोलिसांना केलेला फोनही साखळीच्या शॉटबरोबरच पुढे आणा.

आवाजाचं मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण तुमच्या फिल्मचं सगळ्यात जास्त नुकसान तिथे झालंय. खर्जातली ती घुमणारी पट्टी पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत वाजतेय. कान एका आवाजाला दोन-तीन मिनिटांत सरावतो आणि मग तो ऐकणंच सोडतो. शिवाय ती पट्टी सतत सांगतेय, घाबरा, घाबरा, आणि पडद्यावर माणूस जिना चढतोय. एक काम करा. संगीताचे सगळे ट्रॅक म्यूट करून फिल्म पूर्ण पाहा. जिथे ताण कमी पडतो तिथे कट बदला, संगीत घालू नका. कट स्वतःच्या बळावर चालायला लागला की मग ठरवा, कुठे आणि का. टेम्प म्युझिक, म्हणजे दुसरीकडचं तात्पुरतं संगीत, लावून एडिट करायची सवय मला स्वतःला फार महागात पडलीय. एका प्रसंगाची लय मी उसन्या तालावर बांधली होती. ते संगीत काढल्यावर प्रसंग कोसळला आणि मिक्सच्या, म्हणजे सगळे आवाज शेवटचे जुळवण्याच्या, आठवडाभर आधी सगळा पुन्हा कापावा लागला. तेव्हापासून थ्रिलरचा पहिला कट मी मुकाच लावतो.

संगीत वापरायचं तर त्याला वचन समजा. ‘जॉज’मध्ये (१९७५) यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा, त्यामुळे स्पिलबर्गला तो फारसा दाखवता आला नाही, आणि संगीतकार जॉन विल्यम्सचे ते दोन स्वर शार्कच्या जागी उभे राहिले. दोन पोरं शार्कचा खोटा पर लावून लोकांना घाबरवतात, तेव्हा ते स्वर वाजत नाहीत. संगीत खोटं बोलत नाही, हे प्रेक्षकाला नकळत कळलेलं असतं. म्हणूनच नंतर शार्क त्या स्वरांशिवाय पाण्याबाहेर येतो तेव्हा तो इतका लागतो. वचन आधी पाळलं होतं म्हणून ते मोडता आलं. आणि संगीत नको असा हट्टही नको. ‘सायको’च्या न्हाणीघरातल्या प्रसंगाला संगीत नसावं असं हिचकॉकचं आधी मत होतं. संगीतकार बर्नार्ड हरमनने केवळ तंतुवाद्यांवर रचलेला तुकडा ऐकवला आणि त्याने मत बदललं.

पण तुम्हाला संगीतापेक्षा साध्या आवाजांची गरज जास्त आहे. फ्रित्झ लांगचा ‘एम’ (१९३१) हा बोलपटाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांतला. त्यात मुलांचा खुनी एक धून शीळेवर वाजवतो, संगीतकार ग्रीगची. कलाकाराला शीळ येत नव्हती म्हणून ती लांगने स्वतः घातली असं सांगतात. ती धून ऐकूनच एक आंधळा फुगेवाला खुन्याला ओळखतो. आवाज हाच पुरावा, आणि ओळखणारा तो, ज्याला दिसत नाही. त्याच सिनेमात खून दाखवलेला नाही: आईच्या हाका, रिकामा जिना, जेवणाच्या टेबलावरची रिकामी जागा, घरंगळत आलेला चेंडू, तारांत अडकलेला फुगा. हिंसा किती दाखवायची हा प्रश्न मला अनेक जण विचारतात. मी त्यांना हे पाच शॉट पाहायला सांगतो.

खुणा पेरण्याबद्दल. शेवटी महत्त्वाची ठरणारी वस्तू प्रेक्षकाने आधी पाहिलेली हवी, पण दुसऱ्याच कारणासाठी. तिच्यावर थांबून क्लोजअप घेतला की तो ओळखतो. पात्र ती वापरतंय, बोलतंय, वाद घालतंय, अशा वेळी ती हातात असू द्या. तुमची साखळी आत्ता शेवटी कुठून उगवते? सुरुवातीला दोघं गेटपाशी येतात तेव्हा मित्र ती सोडवतो आणि तिच्या खडखडाटावरून तरुण त्याला दटावतो, ‘हळू!’, एवढं हवं. त्या ‘हळू’मुळे खूण लपतेही आणि लक्षातही राहते. आणि दिशाभूल करणारं पात्र ठेवायचं तर त्याला स्वतःचं कारण द्या. वॉचमन संशयास्पद का वागतो? तो ड्यूटीवर असताना झोपला होता आणि आता घाबरून हलक्या पावलांनी फिरतोय, असं काहीही. उलगडा झाल्यावर मागे वळून पाहताना त्याचं वागणं पटलं पाहिजे. नाहीतर प्रेक्षकाला फसवल्यासारखं वाटतं, आणि ते तो माफ करत नाही.

माफ न करण्याची आणखी एक जागा आहे. ‘सॅबोटाज’मध्ये (१९३६) एक मुलगा नकळत बाँब घेऊन बसमधून जातो, ताण शिगेला पोचतो आणि बाँब खरंच फुटतो. ती आपली चूक होती असं हिचकॉक नंतर सांगत असे. इतका वेळ जीव मुठीत धरायला लावून प्रेक्षकाला सुटकेचा श्वास दिला नाही. मी हे ब्रह्मवाक्य मानत नाही, काही कथांना तो क्रूरपणाच हवा असतो. पण ताण वाढवला की तो कुठेतरी सोडावा लागतो, हे तंत्राइतकंच माणुसकीचंही आहे असं मला वाटतं. तुमचा तरुण शेवटी गजांमागून बघत राहतो आणि पडदा काळा होतो. त्याला निदान एक निर्णय घेऊ द्या.

आणि तो निर्णय कशावरून, हे आता सांगतो. मोबाइल आल्यापासून थ्रिलर लिहिणारे ‘इथे रेंज नाही’ म्हणून सुटका करून घेतात. तुम्ही तसं केलं नाहीत. फोन तुम्ही सगळ्या फिल्मभर चालू ठेवलात, याचं मला कौतुक वाटतं, कारण तुमचा शेवट त्या फोनमध्येच आहे. सुरुवातीला साखळीचा खडखडाट पेरलात, सहाव्या मिनिटाला ती लागताना प्रेक्षकाने पाहिली. आता तरुणाचा शेवटचा फोन. मित्राच्या आवाजामागे पाऊस असू द्या, आणि त्या पावसात, गेटला टेकलेल्या माणसाने जरासं हलल्यावर व्हावा तितकाच, साखळीचा आवाज. प्रेक्षकाला तो लगेच ओळखू येईल. तरुणाला दोन-तीन सेकंद उशिरा. ते दोन-तीन सेकंद त्याच्या चेहऱ्यावर ठेवा, संगीत पूर्ण बंद. मित्र विचारतोय, ‘फाइल मिळाली ना? ये आता बाहेर.’ तरुण बोलत नाही. कॉरिडॉरच्या टोकाला वॉचमनची टॉर्च फिरतेय, इतका वेळ तो जिच्यापासून लपत होता ती. तो फोन न कापता खिशात ठेवतो आणि उजेडाकडे चालायला लागतो.

पाठमोरा चालतानाचा शॉट तुमच्याकडे नसेल तर तेवढा एकच नव्याने घ्या. साखळीचा आवाज स्टुडिओत करू नका. त्याच गेटवर, रात्री, एका फोनवरून दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करा, म्हणजे तो फोनमधूनच आल्यासारखा येईल.